तिन्ही पाळ्यांत दोन जेवणं जागेवर ठेवा: फिरत्या पाळीत साखर, वजन आणि झोप कशी सांभाळायची

सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. चाकण असो, वाळूज असो की अंबड, तीन पाळ्यांचं गणित थोडं पुढेमागे करून सगळीकडे हेच असतं. पाळी कुठली ते सुपरवायझर ठरवतो आणि झोप कधी मिळणार ते पाळी ठरवते. आपल्या हातात बऱ्यापैकी उरते ती एकच गोष्ट, जेवणाची वेळ. पाळी बदलली की बहुतेक जण नेमकी तीही पाळीच्या मागे फिरवतात आणि पोट, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांचा घोळ तिथून सुरू होतो.

पद्धत सोपी आहे. दुपारचं जेवण साडेबारा ते ३ च्या दरम्यान, रात्रीचं ७ ते साडेआठच्या दरम्यान. पाळी कुठलीही असो, ही दोन जेवणं हलवायची नाहीत. रात्री १२ ते सकाळी ६ पोट बंद. न्याहारी तेवढी पाळीप्रमाणे पुढेमागे करायची. वरच्या तिन्ही पाळ्यांत हे बसतं. कसं बसतं ते पुढे सविस्तर येईलच, आधी कारण पाहू. कारण कळलं नाही तर दोन आठवड्यांत सगळं पूर्वपदावर जातं.

रात्री तेच जेवण अंगाला जास्त का लागतं

मेंदूत एक मुख्य घड्याळ असतं आणि ते डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर चालतं. यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी या प्रत्येकाचं आणखी स्वतःचं घड्याळ असतं आणि ते मुख्यतः जेवणाच्या वेळेवर लागतं. पेशीत हे घड्याळ नेमकं कसं चालतं हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

रात्री साधारण ९-१० नंतर मेलाटोनिन वाढायला लागतं. ते झोपेचं संप्रेरक म्हणून आपल्याला माहीत असतं, पण स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवरही त्याचा परिणाम होतो. त्या वेळी इन्शुलिन कमी सुटतं. त्यामुळे दुपारी २ ला खाल्लेला वरणभात आणि रात्री २ ला खाल्लेला तोच वरणभात यांत फरक पडतो. रात्री साखर जास्त वर जाते आणि खाली यायला जास्त वेळ घेते. रक्तातल्या चरबीचंही तसंच.

त्यात रात्रपाळीवाला घरी येतो तो उन्हातून, म्हणजे मुख्य घड्याळ दिवसावरच राहतं. पण रात्री २ ला जेवल्यामुळे यकृत आणि स्वादुपिंड रात्रीकडे सरकतात. दोन घड्याळं दोन दिशांना. बोस्टनमध्ये १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागं ठेवून हेच तपासलं होतं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना दिवसाही आणि रात्रीही जेवण दिलं त्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. ज्यांना फक्त दिवसा जेवण दिलं त्यांची लक्षणीय वाढली नाही, जागरण तेवढंच होऊनसुद्धा. प्रयोग छोटा आहे आणि प्रयोगशाळा म्हणजे शॉप फ्लोअर नव्हे. तरीही जेवणाची वेळ का धरून ठेवायची, याचं इतकं स्पष्ट उत्तर दुसरीकडे क्वचित मिळतं.

लांब पल्ल्याचं चित्र अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासातून दिसतं. १० ते १९ वर्षं फिरती रात्रपाळी केलेल्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास जास्त होता, २० वर्षांच्या वर ५८ टक्के. यातला बराचसा भाग वाढलेल्या वजनाच्या वाटेने येत होता, म्हणजे तिथे काही करता येतं.

आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट नडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून 'मी तर बारीकच आहे' यावर विसंबू नका. काट्यापेक्षा कमरेचा टेप खरं सांगतो. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं.

पहिली पाळी

उठायचं साडेचारला. निघण्याआधी अर्धा कप चहा किंवा नुसतं कोमट पाणी. एवढ्या पहाटे पोळीभाजी घशाखाली ढकलायची गरज नाही. ९ च्या ब्रेकला न्याहारी: दोन मुगाची धिरडी, किंवा दाणे घातलेल्या पोह्यांबरोबर एक उकडलेलं अंडं. २ ला सुटून पावणेतीनला घरी जेवण.

चूक होते ती साडेअकराच्या कॅन्टीनमध्ये. थाळी कापलेल्या पैशांची असते म्हणून ती पूर्ण खायची आणि घरी आई किंवा बायको थांबलेली असते म्हणून तीनला पुन्हा बसायचं. एका दिवसात दोन दुपारची जेवणं. यातलं एक निवडा. घरचं जेवायचं असेल तर कॅन्टीनमध्ये उसळ आणि काकडी-टोमॅटो घ्या, भात आणि पोळ्या सोडा. कॅन्टीनचंच जेवायचं असेल तर साडेबारानंतरची बॅच मागून घ्या आणि घरी फक्त ताक.

रात्रीचं जेवण साडेसातला, नऊ-साडेनऊला अंथरूण. जेवल्यावर डोळे मिटत असले तरी साडेपाच-सहाला झोपू नका. पहिल्या पाळीत दुपारची डुलकी २०-३० मिनिटांचीच आणि ४ च्या आत.

दुसरी पाळी

सगळे रात्रपाळीला नावं ठेवतात, पण आमच्या मते पोट वाढवते ती दुसरी पाळी. १० ला सुटका, अकराला घर, गरम गरम ताट, मग मोबाइल, एकला झोप. जेवण आणि झोप यांत जेमतेम तास-दीड तास असतो आणि दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण तेव्हाच होतं. सकाळी भूक नसते, न्याहारी बुडते, दुपारी १२ ला कसंबसं काहीतरी खाऊन बस पकडायची. चक्र तेच.

दुसऱ्या पाळीचा डबा म्हणजे रात्रीचं जेवण, हे आधी घरात ठरवून टाका. साडेआठ-नऊला न्याहारी, पावणेएकला घरून जेवून निघायचं, सात-साडेसातच्या ब्रेकला डब्यातलं पूर्ण जेवण. घरी आल्यावर भूक असेल तर बिनसाखरेचं कपभर दूध किंवा ताक, बस्स. अडचण असते ती प्रेमाची. कुणीतरी जागं राहून पोळ्या लाटतं आणि नको म्हटलं की वाईट वाटतं. त्यांना सांगा की गरम जेवायला मी दुपारी आहे ना, तेव्हा वाढ. पोळ्या मऊ राहाव्यात म्हणून कणकेला चमचाभर तेल आणि थोडं दूध लावून, पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात गुंडाळून डब्यात भरा. गरम भरल्या की वाफेने ओल्या होतात आणि मग डबा तसाच परत येतो.

साडेबारापर्यंत झोप लागली तर सकाळी साडेसातला उठता येतं. दहापर्यंत लोळत राहिलात की न्याहारीची वेळ गेली आणि पुढच्या आठवड्याची पाळी जड जाणार.

तिसरी पाळी

घरी पावणेआठ ते सव्वाआठला पूर्ण जेवण, ९ ची बस. १२ पर्यंत भूक लागली तर डब्यातलं छोटं खाणं, १२ नंतर पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. सहाला सुटल्यावर सात-सव्वासातला हलकी न्याहारी, पावणेआठला झोप. १ ला उठायचं, पावणेदोनला जेवण. संध्याकाळी साडेपाच ते सव्वासात पुन्हा एक झोप, मग रात्रीचं जेवण.

रात्री काहीही न खाता काम जमेल का, हा प्रश्न हमखास येतो. ते ठरतं आठच्या जेवणावर. चहा-बिस्किटं किंवा नुसता वरणभात खाऊन गेलात तर साडेबाराला पोटात कावळे ओरडणारच. त्या जेवणात २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं पाहिजेत. हिशेब असा: ज्वारीच्या दोन भाकऱ्या (मिळून सुमारे १०० ग्रॅम पीठ) म्हणजे १० ग्रॅम, दाट उसळीची किंवा पिठल्याची वाटी ८-९ ग्रॅम, दोन अंडी १२ ग्रॅम. अंडी चालत नसतील तर मोठी वाटीभर दही आणि मूठभर दाणे, त्यांचे मिळून १० ग्रॅम. सोबत पालेभाजी किंवा कोशिंबीर भरपूर. भात खायचाच तर शेवटी, अर्धी वाटी. आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी-भात या क्रमाने खाल्लं तरी साखर सावकाश चढते. फुकटातला फायदा आहे.

रात्रीच्या छोट्या डब्यात भाजलेले फुटाणे ३० ग्रॅम (मोठी मूठ), एक उकडलेलं अंडं किंवा काकडी-गाजर आणि पाव लिटर पातळ ताक. एवढं सगळं मिळून २०० कॅलरींच्या आसपास. ताक जास्त खारट करू नका, रक्तदाब असेल तर मीठ घालूच नका. केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर हे 'हेल्दी' म्हणून रात्री दोनला खाणारे खूप आहेत. ते दुपारी खा. रात्री दोनला साखरच ती, कुठल्या रूपात आली याने स्वादुपिंडाला फरक पडत नाही.

कॅन्टीनमध्ये रात्री वडा, भजी, पाव, लिंबूभात हेच का असतं? कारण ते एकदा करून ठेवता येतं आणि लवकर खराब होत नाही. कॅन्टीन कमिटीकडे 'पौष्टिक द्या' असं मोघम मागितलं तर काहीच होत नाही. नेमकं मागा: रात्री अंडी, फुटाणे, ताक आणि मटकीची उसळ. चारही गोष्टी कंत्राटदाराला परवडतात.

सकाळची न्याहारी सोडू नका. उपाशी झोपलं की ११ ला भुकेने जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. पण बसथांब्यावरची मिसळ किंवा दोन वडापाव म्हणजे न्याहारी नाही. तेवढं तळण आणि पाव पोटात घेऊन आडवं झालात की छातीत जळजळतं. एक धिरडं आणि दही, किंवा नाचणीची बिनगुळाची ताकातली आंबील वाटीभर, एवढं पुरतं.

उपवासाचा एक पेच आहे. संकष्टीचा चंद्रोदय होईतो बस निघून गेलेली असते, मग डब्यातली साबुदाण्याची खिचडी रात्री १२ ला खाल्ली जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर तूप, बटाटा. साखर सरळ वर. रात्रपाळीच्या आठवड्यात उपवास करायचाच तर निघण्याआधी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि दही खा. चंद्रदर्शनाचं काय करायचं ते घरच्या ज्येष्ठांशी बोलून ठरवा.

बारा तासांची ड्युटी असेल (८ ते ८, नर्सेस आणि सिक्युरिटीवाल्यांची असते तशी), तर रात्रीचं जेवण निघण्याआधी सात-सव्वासातला. दहाच्या सुमारास छोटं खाणं, पुढे तोच नियम.

चहा, प्रीमिक्स, तंबाखू

एका कपात दोन चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम. पाळीत पाच कप झाले की ४०-५० ग्रॅम साखर गेली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे दिवसभराचा जवळजवळ दुप्पट कोटा नुसत्या चहातून. एकदम बिनसाखरेचा करायला जाऊ नका, चार दिवस टिकतो. दोनाचा दीड चमचा करा, दहा दिवसांनी एक, पुढच्या दहा दिवसांनी अर्धा. जीभ सवय करून घेते.

मशिनचा चहा-कॉफी ही वेगळी डोकेदुखी. प्रीमिक्स पावडरीत साखर आधीच असते, ती कमी करता येत नाही. 'मी वरून साखर घालतच नाही' असं सांगणारे बरेच जण मशिनचीच पितात. मशिनवर नुसत्या गरम पाण्याचं बटण असतं, खिशात टी-बॅग ठेवा. एनर्जी ड्रिंकच्या पाव लिटरच्या डब्यात साधारण २५ ग्रॅम साखर असते, त्याबद्दल आणखी काय सांगायचं.

कॅफीनचं प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला सुमारे ५ तास लागतात. आठला झोपायचं असेल तर शेवटचा चहा दीड-दोनपर्यंत. चारचा चहा प्यायला की डोळे मिटतात, पण झोप वरवरची होते. तीन ते पाच ही शरीराची सगळ्यात मंद वेळ. त्या वेळी थंड पाण्याने तोंड धुवा, लख्ख दिव्याखाली उभे राहा, दहा-पंधरा उठाबशा काढा. तंबाखूची गोळी किंवा विडीने झोप उडते हे खरं, पण निकोटीनने इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. मधुमेह आणि तंबाखू हा हृदयासाठी सगळ्यात वाईट जोड आहे.

'झोप यावी म्हणून' दोन पेग घेणाऱ्यांसाठी: ९० मिली व्हिस्की म्हणजे १९० च्या वर कॅलरी, त्यात चकली-चिवडा वेगळा. दारूने झोप लवकर लागते आणि तीन-चार तासांत मोडते. ट्रायग्लिसराइड ३०० च्या पुढे गेलेल्या माणसाने आधी इथे बघावं.

दिवसाची झोप

झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची सूचना देणारं लेप्टिन घटतं आणि इन्शुलिन निष्प्रभ व्हायला लागतं. म्हणून आहार कितीही सांभाळला तरी चार तासांच्या झोपेवर आकडे हलत नाहीत. २४ तासांत एकूण सात तास हवेत. सलग नाही मिळाले तरी चालतात, सकाळी सव्वापाच तास आणि संध्याकाळी पावणेदोन तास.

खोली अशी करा. खिडकीच्या काचेला काळा चार्ट पेपर चारही कडांनी चिकटवा, वरून जाड पडदा किंवा जुनी गोधडी. हात डोळ्यांसमोर धरला तर बोटं नीट मोजता येऊ नयेत इतपत अंधार. दाराच्या बेलचा स्विच बंद, दारावर चिठ्ठी. फोन दुसऱ्या खोलीत, घरच्या दोनच नंबरांना परवानगी. पंखा चालू ठेवा, त्याच्या आवाजाने कुकरच्या शिट्ट्या आणि भाजीवाला बराच झाकला जातो. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर झोप अशक्य होते, तेव्हा सकाळी वेळ न घालवता साडेसातलाच आडवं व्हायचं आणि अपुरी राहिलेली झोप संध्याकाळी घ्यायची.

उजेडाचा उपयोग करून घ्या. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात जमेल तेवढ्या लख्ख दिव्यात राहा. सकाळी कंपनीच्या बसने येत असाल तर काळा चष्मा लावा. स्वतः गाडी चालवत असाल तर लावू नका, गॉगलखाली पेंग लवकर येते. आणि दुचाकीवर डोळे जड होत असतील तर निघण्याआधी गेटपाशी २० मिनिटं डुलकी घ्या, उठल्यावर दहा मिनिटं चाला, मग किक मारा.

घोरण्याचं प्रमाण फार असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, सात तास झोपूनही डोकं जड राहत असेल तर तो पाळीचा दोष समजून सोडून देऊ नका. स्लीप ॲप्निया असू शकतो. त्याने साखर आणि रक्तदाब दोन्ही चढतात आणि त्यावर उपचार आहेत.

पाळी बदलण्याचा दिवस

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार, इतरत्र रविवार किंवा आणखी कुठला वार. सुट्टीच्या त्या एका दिवसात आठवड्याची मेहनत पाण्यात जाते.

रात्रपाळी संपवून घरी आलात की पूर्ण झोप घेऊ नका. दीड ते तीन तास झोपा, अकराच्या आत उठा, बाहेर उन्हात जा, दुपारचं जेवण वेळेवर. दुपारनंतर डुलकी नको, रात्री साडेनऊला अंथरूण. उलटं, रात्रपाळी सुरू होणार त्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी उठून दुपारी अडीच ते चार झोपा. सुट्टीच्या दिवशी मटण जरूर करा, पण दुपारी. रात्री अकराला ताट मांडलं की दुसऱ्या पाळीचीच चूक घरी बसून केल्यासारखं आहे.

पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी या क्रमाने फिरल्या तर शरीराला सोपं जातं. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. तुमच्याकडे उलटा क्रम असेल तर युनियनने किंवा वर्क्स कमिटीने हा विषय लावून धरण्यासारखा आहे. कंपनीचा यात एक रुपयाही जात नाही.

हालचाल

'दिवसभर मशिनवर उभाच असतो' हा व्यायाम धरू नका. दोन्ही मुख्य जेवणांनंतर १० ते १५ मिनिटं चाला, त्या वेळी स्नायू साखर ओढून घेतात. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम: बैठका, दंड, पाठीवर पिशवी घेऊन जिने. व्यायाम झोपून उठल्यावर करा, रात्रपाळी करून आल्याआल्या नको, झोप लांबते.

गोळ्या आणि इन्शुलिन चालू असेल तर

'रात्री १२ ते ६ काही खाऊ नका' हा नियम इन्शुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नये. या औषधांनी उपाशी पोटी साखर धोकादायक खाली जाऊ शकते आणि प्रेसवर किंवा क्रेनवर तसं झालं तर जीवावर बेतेल. मेटफॉर्मिन एकट्याने घेतलं तर सहसा तसं होत नाही.

डॉक्टरांकडे जाताना तिन्ही पाळ्यांच्या वेळा, जेवणाच्या वेळा आणि झोपेच्या वेळा एका कागदावर लिहून न्या. 'सकाळी एक, रात्री एक' असं लिहिलेलं असतं, पण रात्रपाळीवाल्याची सकाळ कुठली? गोळी जेवणाशी जोडलेली आहे, झोपेशी की घड्याळाशी, हे प्रत्येक गोळीपुढे लिहून घ्या. थायरॉइडची गोळी मुख्य झोपेतून उठल्यावर रिकाम्या पोटी घेऊन पुढे अर्धा-पाऊण तास चहा नाही, असं सहसा बसवता येतं. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दिवसातून कुठल्याही ठरलेल्या वेळी चालतात, म्हणजे दुपारच्या जेवणाला जोडून टाका. ती वेळ कधी बदलत नाही.

खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. हात थरथरणं, दरदरून घाम, डोकं गरगरणं असं झालं की मशिन बंद, साखर तपासा. ७० च्या खाली असेल किंवा तपासायला काही नसेल तर ग्लुकोज किंवा साखर तीन चमचे (१५ ग्रॅम) पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, सुधारणा नसेल तर पुन्हा तेवढंच. शेजारच्या ऑपरेटरला तुम्हाला मधुमेह आहे हे माहीत असलंच पाहिजे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

तपासण्या कधी आणि कशा

रात्रपाळी संपवून त्याच पावलाने लॅबमध्ये जाऊन रक्त देणारे पुष्कळ आहेत. जागरणाने साखर आणि रक्तदाब दोन्ही जास्त दाखवतात, शिवाय रात्रीचा चहा झाल्यामुळे ते उपाशी पोट नसतंच. पहिल्या पाळीच्या आठवड्यात किंवा लागोपाठ दोन रात्री नीट झोपून सुट्टीच्या दिवशी जा. आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही नको.

उपाशी पोटी साखर १०० ते १२५ आणि एचबीए१सी (साखरेच्या सरासरीची तपासणी) ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा ६.५ पासून पुढे मधुमेह, तोही पुन्हा तपासून नक्की करायचा. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांचं ४० च्या वर, बायकांचं ५० च्या वर, रक्तदाब १३०/८५ च्या खाली. कंबर धरून या पाचांपैकी तीन गोष्टी बिघडल्या असतील तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात आणि तेव्हा औषध लागो न लागो, डॉक्टरांना नियमित दाखवायला लागायचं. फिरत्या पाळीवाल्यांना एचबीए१सी जास्त उपयोगाची, कारण ती दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एक सावधगिरी: अंगात लोह कमी असेल तर ती खोटी वर दिसू शकते. बायकांनी सोबत हिमोग्लोबिनही करावं.

कंबर मोजताना टेप पँटच्या पट्ट्यावर लावू नका, पँट पोटाखाली उतरलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, श्वास सोडून. महिन्यातून एकदा त्याच पाळीच्या आठवड्यात. पद्धत सुरू केल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी आणि ट्रायग्लिसराइड पुन्हा करा, त्याआधी करून पैसे घालवू नका.

इन्शुलिन घेऊनही साखर वारंवार खाली जाते, रात्रपाळीच्या आठवड्यात ती सतत २५० च्या वर राहते, फिट येतात किंवा हृदयाचा झटका येऊन गेला आहे, अशांनी पाळीतून सवलत मागायला संकोच करू नये. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला द्यायच्या पत्रात डॉक्टरांकडून 'रात्रपाळी टाळावी' एवढंच लिहून आणू नका, ते फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. निदान काय, कुठलं औषध, रात्री काम केल्याने नेमका धोका कोणता, सवलत किती महिन्यांसाठी आणि फेरतपासणी कधी, हे सगळं त्यात हवं. पत्राची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा.